बांधावर राखून ठेवलेले खांब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय — एक खोटं, तेही तीन शब्दांचं.

आमची केळी शाहपुरला. घड कापून नेले की केळीचे खांब उरतात. सगळ्या गावासारखे आम्हीही ते नाल्यात ढकलत आलो. कॉलेजात असताना याच नाल्यावर मी भाषण ठोकलं. खांबातून धागा निघतो, धाग्याच्या पिशव्या होतात, बायकांना काम मिळतं, नाला मोकळा होतो — टाळ्या पडल्या. सामाजिक उद्योजकतेच्या स्पर्धेत आमचा प्रकल्प पहिला आला. सर म्हणाले, याचा स्वभावच उद्योजकाचा आहे. मला ते खरं वाटलं. का वाटू नये? बोलायला तर मला लहानपणापासून येतं.

कल्पना मात्र पूनमची होती. ती डोईफोडिया गावची, कॉलेजसाठी शहरात बुधवाऱ्यात खोली घेऊन राहायची. चार लोकांसमोर तिची बोबडी वळायची, म्हणून बोललो मी. नाल्यात कुजलेले खांब बघून ती खरोखर चिडायची. मी चिडल्यासारखं करायचो. हा फरक मला तेव्हाही कळत होता.

कॉलेजने धागा काढायचं यंत्र आणलं. पूनमने बी.एड.चा प्रवेश पुढे ढकलला. चाचणीच्या वेळी दोनेकदा मीही तिच्यासोबत यंत्रावर उभा राहिलो — आणि केळीचा चीक शर्टावर उडाला. त्याचे काळे डाग जन्मात जात नाहीत, हे केळीवाल्याच्या पोराला कुणी सांगायला हवं का? पण मी शिकत होतो ते या डागांतून सुटायला. आता रोज तेच? मला टाळ्या हव्या होत्या, चीक नको होता.

यंत्राला खांब ताजे लागतात. सुरुवात आमच्या शेतापासून होणार होती. बाकीचे आमच्याकडे बघून देणार होते. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ने की सगळे. फेकतोच तर आहे."

आणि पूनमला मी सांगितलं — बाबा नाही म्हणाले.

घरच्यांनीच नाही म्हटल्यावर दुसरं कोण देणार? यंत्र परत गेलं. पूनम वर्षभर उशिरा बी.एड. झाली, आता शाळेत शिकवते. मी ऑफिसात बसतो, पांढरे शर्ट घालतो.

बाबांनी त्या कापणीचे खांब नाल्यात ढकलले नव्हते. बांधावर निंबाच्या सावलीत रचले, सुकू नयेत म्हणून आईने वर पाला टाकला. ती पोरगी अजून आली कशी नाही, असं ते विचारत राहिले. मी म्हणालो, तिचा बेत बदलला. खांब कुजले. ते नाल्यात लोटताना बाबा म्हणाले, आजकालची पोरं बोलतात फार. हे ते पूनमबद्दल म्हणत होते.

मागच्या वर्षी बाबा गेले. पूनम भेटायला आली, फोटोला हात जोडले. आईजवळ बसली आणि मला म्हणाली, "काकांचा मला कधी राग नव्हता हां. त्यांनी खांब नाही दिले, ठीक आहे. त्यांची शेती, त्यांची मर्जी."

बोलण्यात माझा हात कोण धरणार? मी म्हणालो, चहा घेऊन जा.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग उठून चहा ठेवायला गेली.