मागच्या रांगेतला चेहरा

आमच्या मोशीच्या सोसायटीत कुणीही मॉनिटर घ्यायला निघालं की शेजारचे काका पेन ड्राइव्ह घेऊन सोबत यायचे. त्यात त्यांच्या लग्नातला, भरल्या मांडवाचा एकच फोटो.

मला ऑफिसच्या कामाला स्वस्तातला दुसरा स्क्रीन हवा होता. दुकानदार गेम लावून दाखवू लागला.

"खेळायचं न्हाई राव, वाचायचंय," काका म्हणाले. "फोटो लाव. मागची माणसं वळखू आली पायजेत."

दोन स्क्रीनवर ती धूसरच राहिली. तिसऱ्या, महागड्या फोर-के स्क्रीनसमोर काका एकदम वाकले.

"आई हसतीय व्हय! मी आपला इतकी वर्षं समजत व्हतो, सून पसंत न्हाई म्हणून रुसली व्हती."

तोच घेतला.

आता दर रविवारी काका "स्क्रीन बरा चालतोय ना?" विचारत येतात. मी फोटो आधीच उघडून ठेवतो.