"चालू नाही" असं लिहून देणारी मंदा

मंदा गेल्याची बातमी मला दौंडहून नाही, मलावीहून कळली. दुपारची वेळ, मी चौथीच्या वर्गावर, फोन टेबलाच्या खणात. मधल्या सुट्टीत काढला तर चिसोमोचा आवाजी निरोप आलेला. चिसोमो ही आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका मोठ्या तलावाकाठच्या शाळेतली शिक्षिका. मंदाच्या लेकीने, वैशालीने, आईच्या फोनमधल्या सगळ्यांना एकदमच कळवलं होतं आणि समुद्रापलीकडच्या त्या बाईने ते माझ्याआधी वाचलं. "सुमन, तू वैशालीजवळ पोचलीस का?" एवढंच ती इंग्रजीत विचारत होती. मी पोचले नव्हते... न्हावरे, चौफुला करत एसटीने दौंड गाठलं तेव्हा दारात माणसं जमली होती, आणि त्यातली निम्मी तिच्याशी कधी ना कधी भांडलेली होती.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. तेवढ्यात मी तिच्याबद्दल "शांत", "सोशिक", "सेवाभावी" असे शब्द ऐकले. शोकसभेत एकांनी तर "आफ्रिकेतल्या गोरगरिबांना ज्ञानाचा प्रकाश दिला" असं सांगितलं. मंदा तिथे असती तर उठून माईक काढून घेतला असता. तिला तो हक्क आता नाही, म्हणून हे मी लिहिते आहे.

आम्ही दोघी कवठे येमाईच्या, एका बाकावरच्या. तिचे आजोबा मेंढरं घेऊन फिरत, वडिलांनी शेती धरली, आणि मंदाने आयटीआय करून थेट दौंडच्या रेल्वेत, तारा आणि टेलिफोन सांभाळणाऱ्या खात्यात नोकरी मिळवली. पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हणाले, "बाईमाणूस खांबावर चढणार?" मंदा म्हणाली, "खांबाला इचारा साहेब, त्याची काय हरकत हाय का." आणि चढली. पुढे नवरा गेला, वैशाली तेव्हा सहावीत. साहेबांनी दया म्हणून ऑफिसातली बसायची जागा देऊ केली. तिने ती घेतली नाही. "दुःख झालंय मला, हातपाय न्हाई मोडले," हे तिने साहेबांना सांगितलं, तसंच्या तसं.

पन्नाशी ओलांडल्यावर तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिच्या खात्यातले एक जुने अधिकारी आफ्रिकेतल्या शाळांना इंटरनेट जोडून देणाऱ्या एका संस्थेत गेले होते. जवळच्या गावातून मनोऱ्यावरच्या अँटेनाने इंटरनेट शाळेपर्यंत आणायचं, आणि ते बंद पडलं तरी मुलांचं अडू नये म्हणून पुस्तकं आणि धडे भरलेली एक छोटी पेटी वर्गात ठेवायची, असं ते काम. त्यांना तारा जोडणारी, उंचावर चढणारी माणसं हवी होती. मंदाच्या थोरल्या भावाने, आप्पांनी, डोक्याला हात लावला. "आता देवधर्म करायचं वय आन् तू आफ्रिकेला निघाली? काय ठेवलंय तितं?" मंदा बॅग भरत होती. "आप्पा, देव हितं बी हाय, तितं बी हाय. वायर तितं न्हाई."

तिथे गेल्यावर चार महिन्यांत पहिलं भांडण झालं. शाळेवर मनोरा उभा राहिला, पेटी बसली, टॅब आले, आणि ते सगळे हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद झाले. फुटले तर जाब कोण देणार, म्हणून. मुलांनी ते लांबूनही पाहिले नव्हते. तेवढ्यात संस्थेचा माणूस फॉर्म घेऊन आला. "शाळा जोडली" या शब्दांखाली मंदाची सही हवी होती, शुक्रवारी उद्घाटन होतं, पाहुणे निघालेही होते. मंदाने फॉर्मवर लिहिलं, "चालू नाही." आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठीत कशाला, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "म्हंजी मला माझा शबुद फिरवता येऊ न्हाई."

उद्घाटन रद्द झालं. संस्थेने तिचं काम काढून घेतलं आणि परतीचं तिकीट पाठवलं. व्हिसा संपायला अजून सात आठवडे होते. मंदा चिसोमोच्या घरी राहायला गेली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड खाऊन दोघी शाळेत जायच्या, आणि शाळा सुटली की मंदा तिला मनोऱ्यावर चढायला शिकवायची. चिसोमोने मुलांच्या आयांना गोळा केलं. त्या बायका हेडमास्तरांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या पोरांनी फोडलं तर आम्ही बघू, पण कपाट उघडा, म्हणाल्या. कपाट उघडलं. मग कळलं की पेटीतले धडे परदेशी इंग्रजीत आहेत, मुलांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा मंदाने चिसोमोला तिच्या भाषेत धडे बोलायला लावले आणि पेटीत भरले. तिथल्या भाषेत 'आयी' म्हणजे 'नाही'. हे सांगताना मंदा फोनवर हसत सुटली होती. "सुमे, हितं आई म्हंजी न्हाई! ही भाषा मला पाळण्यातच यायला पायजे व्हती." पुढे संस्थेची माणसं फोटो काढायला त्याच शाळेत आली. मला राग आला, तिला नाही. "काढू दे फोटू. आता तो खोटा न्हाई."

परत आल्यावर ती माझ्या शाळेत आली. मी एका वस्तीवरच्या शाळेची मुख्याध्यापिका. एमआयडीसीतल्या एका कंपनीने आम्हाला दिलेले टॅब माझ्या कपाटात होते, प्लास्टिकच्या वेष्टनासकट, किल्ली माझ्या पर्समध्ये. "पोरं फोडतील गं," मी म्हणाले. मंदा म्हणाली, "हेच मी इंग्रजीत ऐकून आले, सुमे. मराठीत जास्त लागतंय." तिने चहा घेतला नाही. शिक्षकांसमोर, मुलांसमोर उठून गेली. मी तीन महिने तिच्याशी बोलले नाही. तिनेही फोन केला नाही. शेवटी एका सोमवारी मी कपाट उघडलं, आणि आठवड्याच्या आत एक टॅब फुटला. मी तिला फोन लावला, तावातावाने. "फुटला बघ!" पलीकडून आवाज आला, "लई झ्याक झालं. म्हंजी पोरांनी हात लावला." त्यानंतर माझी चौथी आणि चिसोमोचा वर्ग एकमेकांना पडद्यावर दिसू लागले. एकदा तासभर नुसतं भाकरी आणि उकड यांच्यावरून बोलणं चाललं. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती.

कॅन्सर पोटात होता आणि कळला तेव्हा उशीर झाला होता. मी शेवटची भेटले त्या दिवशी मलावीत वादळाने मनोरा कलला होता. चिसोमो फोनवर फोटो पाठवत होती आणि मंदा उशीला टेकून, धापा टाकत, मनोऱ्याला ताणून धरणारी कुठली तार आधी ओढायची ते सांगत होती. नर्सबाई फोन घ्यायला आल्या, तर म्हणाली, "थांबा वो, मानूस वर चढलंय." माझ्याकडे वळून तिने सांगितलं, "माझ्या मागं कुणी म्हणलं ना, की मी त्यांचं भलं केलं, तर तू उठून सांग. चिसोमोला चढता येतंय. एवढंच मी केलं."

परवा मी दौंडला गेले. वैशालीने आईची खोली रंगवायला काढली होती. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, खिडकीची तावदानं थरथरली. दारामागच्या भिंतीवर एक जाड खिळा आहे आणि त्याखाली कमानीसारखा काळपट डाग. खांबावर चढताना बांधायचा मंदाचा कातडी पट्टा तिथे अठ्ठावीस वर्षं लटकत होता. कुणीतरी त्या खिळ्याला दिनदर्शिका अडकवली होती. "पट्टा कुठं गेला मावशी, सगळं घर धुंडाळलं," वैशाली म्हणाली. मी फोनमधला वादळानंतरचा फोटो तिला दाखवला. मनोऱ्याच्या टोकाशी चिसोमो, कमरेला तो पट्टा, बारीक कंबर म्हणून दोन नवी भोकं पाडलेला. वैशालीने बोटांनी फोटो मोठा करून पट्टा पाहिला. मग तिने दिनदर्शिका काढली आणि रंगाऱ्याला हाक मारली.

"दादा, एवढी जागा सोडून रंगवा. तो पट्टा ड्युटीवर हाय."