उंबऱ्यापर्यंतची माफी

प्रिय ईरा आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला माझ्या पायाचं बँडेज दिसलं आणि तुमच्या बाबाने "थोडं खरचटलंय" म्हणून विषय मिटवला. मला अर्धवट माहिती आवडत नाही. तुम्हीही आता खरं ऐकण्याएवढे मोठे आहात. म्हणून क्रमाने लिहिते.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी पोटरी दाबली. बोटाचा खळगा तसाच राहिला. "आजी, सेल्युलायटिस. ॲडमिट व्हा." म्हणजे कातडीच्या आतला जंतुसंसर्ग. श्रावणी सोमवारी अनवाणी देवळात गेले, काटा रुतला, आणि मी वर हळद दाबून इंग्रजी शब्दकोडं सोडवत बसले. पाय लाल आणि गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

शेजारच्या खाटेवर सुभद्राबाई होत्या. परळीला देवळाच्या पायऱ्यांवर राहायच्या. त्यांना डायबेटिक फूट झाला होता. साखरेमुळे पायाची जाणीव जाते आणि जखम चिघळली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, परत पायरीवर झोपलात तर पाय कापावा लागेल. डोक्यावर छप्पर पाहिजे."

छप्पर सिरसाळ्याला होतं, पण त्याखाली सून होती. तिने तूप चोरल्याचा आळ घेतला म्हणून सुभद्राबाईंनी घर सोडलं होतं.

"मग तूप खाल्लं कुणी?" मी विचारलं.

"मीच की. पर माझ्याच म्हशीचं. चोर कावून म्हणायचं?"

मी मुद्देसूद समजावलं. राग धरला की झोप उडते, रक्तदाब वाढतो, जखम भरत नाही. पूर्ण माफ करावं आणि मोकळं व्हावं.

"रोज सकाळी आधी शिव्या घालते, मग माफ करते," त्या म्हणाल्या. "पर बाई, तुमी महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालता का?"

"नाही. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथवर जायचं आणि माघारी फिरायचं."

"मग? देव अर्ध्यात खूश हाय. सून देवाहून मोठी हाय व्हय?"

समोरच्या खाटेवरची बाई हसता हसता खोकायला लागली. सिस्टरने मला गप्प बसायला सांगितलं, त्यांना नाही.

त्याच सिस्टरने सिरसाळ्याला निरोप धाडला. सून रेखा पिठलं-भाकरी घेऊन आली आणि पायाची जखम बघून खाटेजवळ खालीच बसली. "आत्या, चुकलं माझं. घरी चला. पर तूप खाल्लं, तर तवाच सांगायचं न्हाई का?"

"तू इचारलंस कुठं? एकदम चोरच म्हनलीस."

रेखा रडायला लागली. सुभद्राबाई भाकरी खात राहिल्या. डॉक्टर दारात थांबले होते. आम्ही सगळ्या सुभद्राबाईंच्या घासाकडे बघत होतो.

"येते," शेवटी त्या म्हणाल्या. "पर सैपाकघराच्या उंबऱ्यापोतर. आत पाय टाकायची न्हाई. ताट भाईर आणून द्यायचं."

"देते," रेखा म्हणाली.

"अन् भाकरीत मीठ कमी हाय."

माझी सूज उतरली आहे आणि गोळ्या वेळेवर घेते. गेल्या आठवड्यात सिरसाळ्याला जाऊन आले. सुभद्राबाई अंगणात चपला घालून बसल्या होत्या आणि आतल्या रेखाला बाहेरून फोडणी शिकवत होत्या. त्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत. सुनेवरचा रागही निम्मा शाबूत आहे.

तुमची आजी