पडद्याच्या वरची पेटी

बायकोला जाऊन दहा महिने झाले तेव्हा मी ती पेटी करायला बसलो. ती होती तेव्हा केली असती तर दोन दुपारचं काम होतं. केलं नाही. कारण विचाराल तर काही कारण नाही, आळस.

आमच्या पुढच्या खोलीची खिडकी मावळतीकडं आहे. पडदा होता, पण पडद्याच्या पाइपाच्या वर चार बोटं फट राहत होती. चार वाजले की त्या फटीतून ऊन यायचं ते सरळ तिच्या तोंडावर. शेवटचे सात महिने ती खाटेवरच होती. खाट सरकवायची म्हटलं तर दुसऱ्या कोपऱ्यातून रस्ता दिसत नव्हता, आणि तिला रस्ता पाहिजे होता. कोण मालेगावला चाललं, कोण परत आलं, हे बघत पडायची.

"आवो, पोरीच्या घरी पडद्यावर कशी पेटी हाय, तशी बसवा ना."

"बसवतो."

"कवा? मी गेल्यावर?"

"काहीबी बोलत जाऊ नको."

"मंग एक पुठ्ठा तरी लावा, मी बोलाची बंद होतो."

मी पाइपात एक जुना टॉवेल खोचून दिला. तो दर दोन दिवसांनी खाली पडायचा. पडला की ती डोळ्यावर हात घ्यायची, मला हाक मारायची नाही. हे मी बघितलेलं आहे.

ती गेली तेव्हा नात्यातल्या बायांनी तिच्या अंगावर साड्या घातल्या. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईला आमच्याकडं अशी साडी घालतात, जी येते ती एक आणते. चांगल्या आठ-दहा झाल्या. तेरवीनंतर तिची ट्रंक उघडली आणि घरच्या साड्या वाटल्या. मुलगी म्हणाली, मला बाकी काही नको, मायचं ते वांगी रंगाचं पातळ द्या, पिवळ्या काठाचं. तिच्या बाळंतपणात माय महिनाभर तिच्याकडं राहिली होती तेव्हा ते नेसायची. पोरीला त्याची बाळासाठी वाकळ शिवायची होती.

ते पातळ मी आदल्या दिवशीच काढून दाण्याच्या कोठीमागं ठेवलं होतं. मी म्हणालो, "ते तिच्या अंगावर गेलं."

पोरीनं मान हलवली. त्या दिवशी ती शुद्धीवर कुठं होती, कोणती साडी घातली हे तिला काय आठवणार. पटलं तिला.

मुलगी वाशीमला असते. तिच्याशिवाय मला कोणी नाही. आणि तिच्याशीच मी खोटं बोललो. का ठेवलं म्हणाल तर त्याला तिचा वास होता. दोन महिन्यांनी वासही गेला. मग नुसतं पातळ राहिलं. देता येईना, दाखवता येईना. माणसं येण्याच्या आधी कोठीमागं बघून घ्यायचो, दिसतं का म्हणून.

पुढं मी तिच्याच खाटेवर पडायला लागलो. चार वाजले की ऊन माझ्या डोळ्यात. तेव्हा कळलं ती काय सांगत होती. रोज कळत होतं.

गावातल्या सुताराला बोलावलं. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, तर चुना-रेती गळून त्याच्या पायावर पडली. "काका, इथं प्लायवूडची पेटी टांगसान तं पेटी राहीन अन् भिंत खाली येईन," म्हणाला. "हलकं काही करा. पुठ्ठ्याचं करा."

हलकं म्हणजे घरात कुलरच्या खोक्यातलं थर्माकोल पडून होतं, आणि खोकं. मी चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं आहे. शाळा चौथीपर्यंत, पण हाताला माप कळतं. सुतळीनं खिडकी मोजली, दोन्हीकडं एकेक वीत जास्त धरली. समोरची लांब पट्टी, दोन बाजूचे दोन तुकडे, आणि वर झाकण. थर्माकोल सुरीनं कापलं तर दाणे उडतात आणि केसात बसतात. म्हणून आरीचं पातं गॅसवर तापवलं, मग ते लोण्यासारखं कापलं गेलं. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं असं नाही, पण मला बरं वाटलं.

पाठीमागून पुठ्ठा लावायचा होता. इथं मी माझ्या धंद्यानं मार खाल्ला. हाताशी पंक्चरचं सोल्यूशन होतं. जन्मभर मी सगळं त्यानंच चिकटवलं. चप्पल, बादली, तिच्या देवाच्या फोटोची फ्रेमसुद्धा. पट्टीला चांगलं फासलं, आणि पंक्चरवर फुंकतो तशी फुंकर घालत बसलो. डोळ्यादेखत थर्माकोल आत बसायला लागलं. खड्डे पडले, मग भोकं, मग पट्टी वाकून गेली. वाळवी लागल्यासारखी. ते सोल्यूशन थर्माकोल खातं हे मला सत्तरीत कळलं. ती असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. मी एकटाच बघत बसलो, हसू नाही आलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या थर्माकोलची नवी पट्टी कापली, दोन तुकडे जोडून. या वेळी कणकेची खळ शिजवली. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं, नाहीतर झुरळं खातात. कोपरे जोडायला बांधावरच्या बाभळीचे काटे आणले. लांब, वाळलेले. ते थर्माकोलात खिळ्यासारखे जातात आणि वजन काही नाही. सगळं तयार झालं, हातात घेतलं तर रिकाम्या टोपलीएवढं हलकं.

आता वरून कापड पाहिजे. पांढरं थर्माकोल तसंच टांगलं तर ते खोक्यासारखंच दिसतं. घरात चादर होती. एक पडद्याचं जुनं कापडही होतं. मी दोन्ही काढून खाटेवर ठेवलं आणि कोठीमागं गेलो.

कैची लावायला अर्धा दिवस गेला. पदर राहू दिला, कमरेला खोचतात त्या टोकाकडून कापलं. कड वाकडीतिकडी झाली. कापड समोर ताणून मागं दुमडलं, खळ लावली, पिवळा काठ बरोबर खालच्या कडेला आणला. एका ठिकाणी हाताचं जुनं सोल्यूशन लागून काळा डाग पडला, तो भिंतीकडं घेतला. पडद्याच्या पाइपालाच सुतळीनं टांगलं. चार वाजता ऊन आलं नाही. मी पडून राहिलो, झोप काही आली नाही.

वर्षश्राद्धाला मुलगी येणार हे तेव्हाही माहीत होतंच. आदल्या दिवशी स्टुलावर चढलो, काढून ठेवतो म्हटलं. हात लावला आणि उतरलो. आणखी किती लपवायचं.

ती सकाळी आली. पायावर पाणी घेतलं, आत आली, पिशवी ठेवली, आणि मान वर केली.

"बाबा, हे कोणतं कापड हाय?"

"तुले माहीत हाय."

"तुमी तं म्हणे मायच्या अंगावर गेलं."

"खोटं बोललो."

"काहून?"

"द्यावं वाटलं नाही."

ती खाटेच्या काठावर बसली. "मले नाही देल्लं, अन् थर्माकोलले देल्लं."

मी स्टूल ओढलं. "काढून देतो."

"राहू द्या! खळीनं चिकटवलं हाय. वढलं तं चिंध्या होतीन." मग म्हणाली, "उरलेलं कुठं हाय?"

मी आणून दिलं. तिनं उलगडलं, कापलेली कड बोटानं चाचपली. "कैचीनं कापलं का दातानं?" म्हणाली. हसली नाही. घडी घालून पिशवीत ठेवलं. वाकळीपुरतं त्यात आहे की नाही, मी विचारलं नाही. स्वयंपाक झाला, पान वाढलं, चार माणसं जेवून गेली. माझ्याशी बोलली ते मीठ-पाण्यापुरतं.

मी तिला सोडायला फाट्यावर गेलो. आम्ही उभे राहिलो. बस लांबून दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, अजून काही लपवलं असन तं आताच सांगा. मायचं काहीबी."

"काही नाही."

"खरं?"

"खरं."

हे खरंच होतं. ट्रंक रिकामी आहे, कोठीमागं काही नाही. पण तिनं माझ्याकडं बघितलं, उसनं नेऊन परत न देणाऱ्याकडं बघतात तसं, आणि बघतच राहिली. बस येऊन थांबली. कंडक्टरनं आवाज दिला तशी ती चढली. गर्दी होती. तिला जागा मिळाली का, ते मला खालून दिसलं नाही.