टँकरच्या रांगेत ट्रिपल

"नंबर सोडून सुईला कोण येतंय, नर्सबाई?" गयाबाईंनी नातवाला पदरात घेतलं आणि घागर वीतभर पुढं सरकवली.

औसा तालुक्यातलं गाव. दुष्काळ, दिवसाआड टँकर. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा नवा, डॉक्टर साहेब नवे, जीप तेवढी जुनी. लस गार राहिली नाही तर निकामी होते, आणि डब्यातला बर्फ विरघळत चालला होता. साहेब सारखे घड्याळ बघत होते, जणू त्यानं बर्फ थांबणार होता.

सून रोजगार हमीवर खडी फोडायला, म्हणून सहा महिन्यांचा बाळू आजीकडं. ट्रिपल म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस. तिचे तीन डोस लागतात, बाळूला एकच मिळाला होता. शेजारच्या वाडीत डांग्या खोकला आला होता. त्यात तान्ह्या लेकरांचा खोकता खोकता श्वास अडकतो. मला बाळूची खरोखर धास्ती वाटत होती.

नंबर हे निमित्त होतं. खरं कारण गयाबाई हळूच बोलल्या. "मागल्या बारीला लई ताप आला. चांगल्या लेकराला कशाला आजारी पाडायलाव?"

"ताप येईल, मावशी, अन् उतरंल बी. उद्या मी स्वतः बघायला येते. पण खोकला धरला तर महिना महिना सोडत न्हाई."

 गयाबाईंनी साहेबांकडं बोट केलं. "ह्यांनी माझा नंबर धरावा."

आमच्याकडं रांगेत नुसती घागर ठेवून भागत नाही, मागची बाई ती बाजूला सारते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी डब्याकडं. मुकाट्यानं ते घागरीमागं उभे राहिले. "वहिनी, सरका की पुढं," मागून कोणीतरी म्हणालं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता आणखी काहीजणी लेकरं घेऊन माझ्याकडं आल्या. त्यांच्याही घागरी साहेबांनीच सांभाळल्या.

पुढच्या महिन्यात बाळूचा तिसरा डोसही झाला. त्यानंतर खोकला गावात शिरला. डोस चुकलेली काही लेकरं हैराण झाली. बाळू मात्र ठणठणीत.

गयाबाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या पोराला कुटं काय झालं? उगं टोचलं तुमी."

साहेब चिडले. मला हसू आलं आणि फार बरंही वाटलं. आमच्या कामाला याहून मोठी शाबासकी मिळत नाही. हल्लीचे शिकलेले आईबापही विचारतात, हे रोग आता दिसतात कुठं? मी एवढंच सांगते, दिसू नयेत म्हणून तर टोचायचं.