आतल्या खोलीतलं ऑफिस

बायकोला शाळेत नोकरी लागली आणि मुलीच्या दम्यापायी तिला सांभाळायला कुणीतरी घरी थांबणं भाग झालं. एकट्या आईच्याने ते होईना. मी वालीवच्या एका कारखान्यात साच्यांची ड्रॉइंगं काढायचो. शेठला म्हटलं, कॉम्प्युटर घरी द्या, काम घरून करतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा असलं मागणं म्हणजे पगारी रजाच मागणं. शेठ म्हणाला, "बघू महिनाभर. काम अडलं की परत यायचं." म्हणजे मी कारखान्यात आणि बायकोची नोकरी बंद.

घरी बसून मी किती काम करतो, ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. "घरीच आहेस ना," म्हणत आई केळफूल सोलायला बसवायची. शेजारी सिलिंडर उतरवून घ्यायला चावी देऊन जायचे, वर "नोकरी गेली का हो?" ही चौकशी. आणि मी तरी कसला! हाक आली की सुटलो म्हणून उठायचो.

मग मी डोकं चालवलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट, बूट, हातात डबा. आईला "येतो गं" म्हणायचं, इमारतीला फेरी मारायची आणि परत येऊन कुणाशी न बोलता आतल्या खोलीत, दार बंद. संध्याकाळी पुन्हा फेरी, मग बेल. आलो घरी! वॉचमन मला वेडा समजायचा. समजू दे.

आईने आधी कपाळावर हात मारला. पण एकदा पटल्यावर अशी कडक झाली की बास! शेजारणीला दारातूनच सांगायची, "तो हापिसात गेलाय." आतून ऐकताना काय रुबाब वाटायचा मला! कामही झपाट्याने व्हायला लागलं. शेठ खूश.

एका संध्याकाळी फेरी मारून बेल वाजवली. मुलीने दार उघडलं. डोळे लाल, अंग चटके बसण्याइतकं तापलेलं.

"बाबा, किती उशिरा आलास!"

तिला उचललं आणि तसाच दवाखान्याकडे निघालो. मागून जिना उतरता उतरता आई रडवेली होऊन सांगत होती, "दुपारीच शाळेतून परत पाठवलं रे तिला. तुझ्या दारापाशी झोपून होती, तू उठल्याची चाहूल लागली तशी स्वयंपाकघरात गेली. मी हाक मारायला गेले, तर माझा हात धरला. म्हणाली, आजी नको, आईची नोकरी जाईल."