सुमित्राक्कांच्या राजाची झोपमोड

मी शिकायला परदेशी गेले होते. परदेशाचं नाव म्हैसूर.

हसू नका! आमच्या कराडच्या घरात अजूनही तसंच बोललं जातं. चुलतभाऊ कॅनडाला गेला तेव्हा काकूने त्याला दोन बॅगा भरून दिल्या. मी म्हैसूरला निघाले तेव्हा आईने चार दिल्या! गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याचं कूट आणि (देवाशपथ खरं सांगते) तुरीची डाळ.

"अगं आई, तिकडे सांबारच खातात. ते कशाचं करतात?"

"असू दे. तिकडची डाळ तुला सोसते न सोसते!"

बाबा स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी हलली तशी ते खिडकीबरोबर चालत म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आम्ही झोपलेले असलो तरी चालेल. तिकडे तेव्हा किती वाजलेले असतात कोण जाणे!"

मी वाचा आणि श्रवण या शास्त्राची पदवी घ्यायला आले होते. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलतं करायचं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ऐकायला मदत करायची. आणि पहिल्याच दिवशी भाजीवालीपुढे मी स्वतःच मुकी! वांग्याकडे बोट दाखवायचं, मान हलवायची, हसायचं. ती बाई माझ्याशी इतक्या मायेनं, सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागली की तीच माझ्यावर उपचार करतेय असं वाटावं. त्या दिवशी मी एक किलो मागितलेली वांगी तीन किलो घेऊन परतले, कारण 'पुरे' हे हातवारे करून कसं सांगायचं ते आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला होतं.

कानडीतला मी शिकलेला पहिला शब्द 'याके'. म्हणजे 'का'. हा एक शब्द हाती आला आणि मी सुटलेच! सांबारात गूळ का? बस मागच्या दारानं बायकांना का नाही घेत? इथला भजीवाला भज्याला भजी का म्हणत नाही? लहानपणापासून मला ही खोडच आहे. शाळेत बाई म्हणायच्या, "मंजिरी, तुझे प्रश्न चांगले असतात, पण उत्तराला जागा ठेवत जा." मी लगेच विचारायचे, "म्हणजे कशी?"

वसतिगृहात मी पहिला महिना रोज रडले. दिवसभर कानावर कानडी, तामिळ, मल्याळम, आणि मराठी फक्त फोनवर. मग वर्गातल्या एकीनं सांगितलं, सरस्वतीपुरममध्ये एक मराठी कुटुंब आहे, त्यांची मुलगी अनू शिकायला जर्मनीला गेलीय (म्हणजे खऱ्या परदेशात) आणि तिची खोली रिकामी आहे. मी धावतच गेले. दार सुमित्राक्कांनी उघडलं.

"कोण मा? या, आत येऊन बसून घे. ऊट झालं काय?"

ऊट म्हणजे जेवण, उंट नव्हे, हे मला माहीत होतं. पण त्या घरातलं, कित्येक पिढ्या म्हैसुरात मुरलेलं ते मराठी ऐकून मला असं भरून आलं की विचारू नका. मी जेवून आले होते, तरी 'नाही' म्हणाले.

अक्कांचे यजमान म्हणजे रावकाका, निवृत्त मास्तर, विषय विज्ञान. निवृत्तीनंतर त्यांना ऐकायला कोणी उरलं नव्हतं आणि मला विचारायला कोणी मिळत नव्हतं. आमचं पहिल्या दहा मिनिटांत जमलं. अक्कांचं मात्र तसं नव्हतं. अनूच्या खोलीत दुसरी मुलगी राहणार, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

"दसऱ्यापर्यंत रहा, मग बघू म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "घरातल्यासारखी राहिलीस तर सरी. नाहीतर आम्हाला भाडेकरू बेडा, नकोच. आणि एक ऐक. विचार सगळं. हात कशाला लावू नको!"

मला ती खोली हवीच होती. खिडकीतून रामफळाचं झाड, स्वयंपाकघरातून अक्कांचं 'अय्यो अय्यो', आणि संध्याकाळी कोणीतरी 'आलीस काय मा?' म्हणणारं. ती खोली गेली असती तर मी वसतिगृहात नाही, थेट कराडला परत गेले असते. म्हणून मी ठरवलं, दसऱ्यापर्यंत आदर्श मुलगी व्हायचं.

नवरात्र आलं आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या. ट्रंकांतून जुन्या साड्यांच्या घड्या, आणि घड्यांतून बाहुल्या! म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी बाहुल्या मांडतात, त्यांना गोंबे म्हणतात, हे मला माहीत होतं. पण दिवाणखान्यात भिंतीला लागून लाकडी पायऱ्या चढवल्या, त्यावर पांढरी चादर पसरली आणि सगळ्यात वर लाकडी राजाराणी उभे राहिले, तेव्हा माझी बोलती बंद झाली. (अर्धा मिनिट.)

"काका, हे दोघे कोण?"

"ते पट्टद गोंबे. राजाराणी. मुलीच्या लग्नात माहेरचे देतात. हे हिच्या बन्नूरच्या माहेराहून आलेत."

"मग पायऱ्या विषमच का? वाण्याच्या बाहुलीपुढे खरे तांदूळ का? क्रिकेटवाला कशाला देवांच्या खाली?"

"क्रिकेटवाला अनूचा. आठवीत हट्टानं ठेवला, तेव्हापासून बसतो," काका म्हणाले. मग घसा साफ करून मास्तरांच्या सुरात पुढे म्हणाले, "आता सगळ्यात मजेचं ऐक. दसऱ्याच्या संध्याकाळी आरती झाली की राजाला..."

"पण काका, राजाच्या मिशा खऱ्या केसांच्या आहेत का?"

काका मिशांकडे वळले. मिशा रंगाच्या निघाल्या. राजाचं वाक्य तिथेच राहिलं.

ते वाक्य तुम्हाला आत्ताच पूर्ण करून सांगते, म्हणजे माझं पुढचं शहाणपण तुम्हाला नीट कळेल. दसऱ्याच्या संध्याकाळी आरती झाली की राजाला आडवा करून निजवतात! नऊ दिवस उभा राहिला, दरबार झाला, आता झोप. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या ट्रंकेत. हे म्हैसुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दसऱ्याच्या दिवशी मी मैत्रिणीबरोबर मिरवणूक बघायला गेले. सकाळपासून जागा धरून मी जो काय हत्ती पाहिला, तो म्हणजे समोरच्या काकांचं टक्कल आणि त्यावरून क्षणभर चमकून गेलेलं सोनेरी अंबारीचं टोक. (अक्कांनी घरी टीव्हीवर हत्तीच्या पापण्यासुद्धा पाहिल्या.) संध्याकाळी पाय ओढत घरी आले. अक्का आरती उरकून, राजाला निजवून, शेजारच्या पद्माक्कांकडे हळदीकुंकवाला गेल्या होत्या. काकांनी दार उघडलं आणि परत टीव्हीपुढे जाऊन बसले.

मी दिवाणखान्यात पाय टाकला. अगं बाई! राजा पडला!

सगळा दरबार उभा, आणि राजा छताकडे बघत सपशेल उताणा. शेजारी राणी हसऱ्या चेहऱ्यानं उभी. बन्नूरचा, माहेरचा, लग्नातला राजा! 'हात लावू नको' हे मला आठवलं, पण पडलेल्या माणसाला उचलू नये असं कोण म्हणेल? मी अलगद चढले, राजाला उभा केला, फेटा पुसला आणि कोणाला न सांगता अंघोळीला गेले. आदर्श मुलगी गाजावाजा करत नाही.

मी न्हाणीघरात असताना अक्का परत आल्या. त्यांचा आवाज मला पाण्याच्या आवाजात ऐकू आला नाही. नंतर काकांनी तो प्रसंग मला जसाच्या तसा करून दाखवला.

"अय्यो! मी याला निजवला होता न्हवं? तुम्ही उठवला काय?"

"मी कशाला उठवू? मला स्वतःलाच खुर्चीतून उठायला होत नाही!"

"मग हा कसा उठला?"

"तू निजवायचं विसरली असशील. वय झालं."

वयाचं नाव काढल्यावर अक्का फणकारल्या, राजाला पुन्हा आडवा केला, वर 'नीज आता गप्प' असा दमही दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी केस पुसत बाहेर आले. राजा पुन्हा पडलेला!

आता मात्र माझी शास्त्रीय जिज्ञासा जागी झाली. एकदा पडणं हा अपघात, दोनदा पडणं म्हणजे कारण आहे. मी पायरी हलवून पाहिली, पक्की. उंदीर? राजाच्या अंगावर दातांच्या खुणा नाहीत. मग वर पाहिलं आणि गुन्हेगार सापडला: पंखा! गरगर फिरतोय, वारा थेट राजाच्या छातीवर. राणी जाड, ती टिकते. राजा बिचारा सडपातळ. मी पंखा बंद केला. तेवढ्यावर थांबले असते तर आज हा लेख लिहावा लागला नसता. पण माझ्या बॅगेत कानाची मॉडेलं चिकटवायचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप होता. कसला टेप म्हणता! आमचा मानवी कान त्यानं भिंतीला चिकटवला होता तो तसूभर हलला नव्हता. राजाच्या तळाखाली मी त्याचे तीन थर दिले आणि वरून दाबला. आता वादळ आलं तरी म्हैसूरचं राज्य हलणार नव्हतं.

मी खोलीत जाऊन आईला फोन लावला. "आई, आज मी या घराच्या फार उपयोगी पडले."

"बरं झालं बाई! सांगितलंस का त्यांना?"

"छे! सांगायचं कशाला?"

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. पद्माक्का कुंकवाला आल्या होत्या आणि त्यांनी दारातूनच विचारलं होतं, "सुमित्रा, अजून राजा निजवला नाहीस?"

अक्का पाहतात तो काय, राजा ताठ! त्यांनी त्याला धरून आडवा करायला पाहिलं. राजा हलेना. जोर लावला. राजा हलेना, पायरी हलली! वाण्याचं दुकान उपडं झालं, तांदूळ सांडले, क्रिकेटवाला थेट अक्कांच्या पायाशी लोळला. राजा जागच्या जागी, मिशीतल्या मिशीत हसत.

"राजा निजत नाही म्हणजे बरं नव्हे," पद्माक्का हळूच म्हणाल्या. "घरातलं कोणीतरी अस्वस्थ आहे म्हणून सांगतोय तो."

"अनू!" अक्कांचा चेहरा पांढरा पडला. "फोन लावा तिला. आधी लावा!"

काकांनी जर्मनीला व्हिडिओ फोन लावला. अनू तिकडे तोंडात पाव घेऊन आली. "काय झालं अम्मा? मी बरी आहे! राजाला काय झालं?"

"निजत नाही गं! पाय रोवून उभा आहे! तू खरं सांग, ताप आहे काय? जेवतेस काय?"

अक्का रडायलाच लागल्या. मी हे सगळं दारातून बघत होते. बोलणं अर्धं कानडी, अर्धं रडू. मला कळलं एवढंच की सगळे राजाकडे बोट दाखवून घाबरलेत. बिचारे! राजा पुन्हा पडेल म्हणून घाबरलेत! मला फार वाईट वाटलं. मी पुढे झाले, फोनमधल्या अनूला नमस्कार केला आणि सगळ्यांना धीर दिला.

"अक्का, अजिबात काळजी करू नका! तो आता कधीच आडवा होणार नाही. दोनदा पडला होता, मी उचलला. आता चिकटवून टाकलाय!"

जर्मनीत अनूच्या हातातला पाव खाली पडलेला स्पष्ट ऐकू आला.

मग अनू हसायला लागली, ती थांबेचना. काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि नवरात्राच्या पहिल्या दिवशी राहिलेलं ते वाक्य मला शेवटपर्यंत सांगितलं. ते संपलं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

खोबरेल तेल आणि काकांचं विज्ञान यांच्या जोरावर राजा एकदाचा सुटला. तळाचा थोडा सोनेरी रंग टेपबरोबर गेला. अक्कांनी त्याला निजवला, पदरानं तळ पुसला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आत गेल्या. मी काय समजायचं ते समजले. दसरा झाला होता. 'मग बघू' ची वेळ झाली होती.

सकाळी माझ्या चारही बॅगा भरून मी दिवाणखान्यात आले. अक्का जमिनीवर बसून बाहुल्या साड्यांत गुंडाळत होत्या.

"कुठे चाललीस?"

"वसतिगृहात. अक्का, मला माफ करा. मला फार आवडलं होतं हो इथे." आणि मी भोकाड पसरलं.

"अय्यो, रडतेस कशाला? बस इथे. धर याला." त्यांनी राजा माझ्या हातात दिला. "हात लावू नको म्हणून मीच सांगितलं होतं. हात लावायला दिला असता तर तुला कळलं असतं. रात्री अनूशी बोलले मी. किती महिन्यांनी ती एवढी हसली, ठाऊक आहे? अम्मा, तिला ठेवून घे म्हणून सांगितलं तिनं." मग राजावर साडीची घडी टाकत त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी राजाला तूच निजवायचं. आणि..."

"म्हणजे मी राहू?" मी किंचाळले, राजासकट त्यांच्या गळ्यात पडले. "हो हो, अक्का! हो! सगळं करीन!"

त्या 'आणि'च्या पुढे काय होतं, ते मला पुढच्या नवरात्रात कळलं. रोज पहाटे उठून, बाहुल्या बघायला येणाऱ्या अख्ख्या गल्लीसाठी हंडाभर हरभऱ्यांची उसळ परतताना. "मी सांगितलं होतं न्हवं?" अक्का झारा माझ्या हातात देत म्हणाल्या. "तूच 'हो हो' म्हणालीस!"